स्लोचा स्क्रू पिळायच्या आधी

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझ्या मते सगळी भानगड त्यातच आहे. "आधी एसी लावला की सिग्नलला बंद पडायची. मिस्त्रींनी स्लो वाढवून दिला, मग बंद पडायची कमी झाली, पण आता गरम झाल्यावर काटा ९०० ते १८०० मध्ये झोके घेतो." (स्लो म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिन चालतं तो वेग, आणि काटा आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा.) गाडी २००३ ची मारुती इस्टीम व्हीएक्सआय, पेट्रोल, गॅस किट कधी बसवलेलं नाही. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर झाला, इंजेक्टर साफ झाले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी चकती बसते तो भाग, पुसून झाली. आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय, जुन्या बाजारातला बघून टाकू असं सांगितलंय. तर ईसीयू बदलू का, असं तुम्ही विचारताय.

एवढ्यात नको. तुम्हाला हे एका रोगाचे दोन त्रास वाटताहेत. मला वाटतं बंद पडणं हा मूळ रोग आणि झोके हे औषधाचं फळ. मूळ रोग तसाच राहिलाय, फक्त वाढवलेल्या स्लोच्या आड लपलाय.

गाडी न बघता, तिचा आवाज न ऐकता बोलतोय, हे धरूनच वाचा. गाडीत कूलंट किती आहे, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल्व्ह) जागेवर आहे की कोणी काढून टाकलाय, स्लो वाढवायला थ्रॉटलवरचा स्क्रू किती पिळलाय आणि स्क्रूबरोबर आणखी कशाला हात लावलाय, हे मला इथून दिसत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर थोडं इकडंतिकडं होऊ शकतं.

आता तुमच्या मिस्त्रींची बाजूही सांगतो, कारण मीही त्याच शाळेतला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी काम शिकलो ते कार्बोरेटरवर. तिथं स्लो म्हणजे दोन स्क्रू: एकाने हवा, दुसऱ्याने पेट्रोल. कान लावायचा, पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं, इंजिन गुळगुळीत चालायला लागलं की गिऱ्हाईक खूश. २००० सालच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि एकेक करून सगळ्या गाड्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, झाल्या. बॉनेट उघडलं तर थ्रॉटल तिथंच, केबल तिथंच, आणि तो छोटा स्क्रूसुद्धा तिथंच. त्यामुळे हाताला वाटलं, काम तेच आहे. पण त्या स्क्रूचं काम आता स्लो लावायचं राहिलेलं नाही. थ्रॉटलची चकती पूर्ण मिटून बोअरमध्ये अडकू नये, एवढाच तो टेकू. कारखान्यातून तो लावून येतो आणि बऱ्याच गाड्यांत त्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपी असते. हात लावू नका, असंच त्या ठिपक्याचं म्हणणं असतं.

मग स्लो कोण सांभाळतं? पाय पेडलवर नसताना चकती जवळजवळ मिटलेली असते. इंजिन चालायला लागणारी हवा चकतीच्या शेजारून काढलेल्या एका आडवाटेने जाते आणि त्या वाटेवर एक वॉल्व्ह बसलेला असतो. आम्ही त्याला आयडल मोटर म्हणतो. काही गाड्यांत ती स्टेपर मोटर असते, काहींत सोलेनॉइड. एसी चालू झाला, हेडलाइट लागले, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की इंजिनवर ओझं पडतं. ईसीयू ते ओळखून वॉल्व्ह थोडा उघडतो, हवा वाढते, त्या हवेपुरतं पेट्रोल वाढतं आणि आरपीएम सावरतो. ओझं गेलं की वॉल्व्ह परत मिटतो. थोडक्यात, इंजेक्शनच्या गाडीत स्लो हा हवेचा हिशेब आहे. पेट्रोल हवेच्या मागून चालत येतं.

इस्टीमसारख्या मारुतीत हवा थेट मोजणारं मीटर नाही. थ्रॉटलपासून इंजिनपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, त्यातला दाब मॅप सेन्सर सांगतो. तो दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान यावरून ईसीयू हवा किती आली याचा अंदाज बांधतो. म्हणून कुठूनही चोरून हवा शिरली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला वाटतं हवा जास्त आली, तो पेट्रोलही जास्त देतो, आणि स्लो चढतो. ज्या गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो त्यांचं उलट: चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी आचके देते, बंद पडते. परदेशी गाड्यांचे व्हिडिओ बघून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा निम्मा घोळ इथंच झालेला असतो.

आता झोके. पन्हाळ्यावरून गिअरमध्ये उतरताना पेडलवरून पाय काढला की ईसीयू पेट्रोल तोडतो. त्याचा नियम सोपा: थ्रॉटल मिटलेलं आहे आणि आरपीएम ठरावीक मर्यादेच्या वर आहे, म्हणजे ड्रायव्हरला पेट्रोल नको आहे. आरपीएम खाली आला की पुन्हा सुरू. ही मर्यादा गाडीगणिक बदलते. इंजिन गरम असताना साधारण दीड ते दोन हजारांच्या मध्ये धरा, इंजिन थंड असताना ती बरीच वर असते. आता तुमची गाडी उभी आहे. स्क्रूने चकती उघडी धरली आहे, हवा गरजेपेक्षा जास्त. आयडल मोटर मिटून मिटून शेवटच्या टोकाला पोचली तरी आरपीएम चढतोच. अठराशेला ईसीयू म्हणतो, पाय तर काढलाय, मग पेट्रोल बंद. काटा पडतो. नऊशेला म्हणतो, आता द्या. काटा चढतो. हे झोके गरम झाल्यावरच का, याचं कारणही तेच. गाडी थंड असताना मर्यादा वर असते, तिथपर्यंत काटा पोचत नाही. म्हणजे ज्या ईसीयूला काढून टाकायचं चाललंय, तो बिचारा आपली नोकरी चोख करतोय.

स्क्रू फारच पिळला असेल तर आणखी वेगळं घडतं. थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरला वाटतं कोणीतरी पेडल दाबलंय. मग ईसीयू स्लो सांभाळायचं कामच सोडून देतो आणि काटा बाराशे-चौदाशेला नुसता टांगून राहतो. तुमच्याकडे झोके आहेत, म्हणजे एक तर तेवढा पिळलेला नाही, नाहीतर स्क्रूबरोबर तो सेन्सरही सैल करून फिरवलाय. सेन्सरच्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे दिसतात का बघा.

तर पहिलं काम स्क्रू मागे घ्यायचा. चकती बोअरला घासून अडकणार नाही आणि उजेडात धरली तर कडेने जेमतेम केसाएवढी फट दिसेल, इतका. थ्रॉटल केबललाही थोडी ढील हवी, कारण ताठ केबल म्हणजे दुसरा स्क्रूच. मग इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून सेन्सरच्या सिग्नल वायरवर व्होल्टेज मोजा. मिटलेल्या थ्रॉटलला ते साधारण अर्धा ते एक व्होल्टच्या दरम्यान असतं. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला धरा. पेडल हळूहळू दाबत नेलं की ते न अडखळता चढायला हवं. मध्येच खड्डा पडला तर सेन्सरची पट्टी झिजली.

स्क्रू मागे घेतल्यावर मूळ रोग उघडा पडेल, आणि माझा पहिला संशय आयडल मोटरच्या वाटेवर. तुम्ही लिहिलंय थ्रॉटल बॉडी "पुसली". चकती समोरून पुसता येते, ती चकचकीत दिसते, फोटोही छान येतो. पण आडवाटेत बसलेला कार्बन तसाच राहतो. तिथली काजळी ओलसर, चिकट असते, कारण इंजिनच्या पोटातली तेलाची वाफ तिथूनच जाते. थ्रॉटल बॉडी खाली उतरवून, मोटर काढून, वाट दोन्ही बाजूंनी साफ करावी लागते. मोटर काढताना तिचं गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीन टाका. स्टेपर असेल तर तिची टोकदार दांडी बोटाने आत दाबू नका, आतले आटे जातात. आणि मोटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवू नका. नुसतं टोक, तेही ब्रशने.

साफ झाल्यावर परीक्षा सोपी. गाडी पूर्ण गरम करा, रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद होऊ दे. मग एसी चालू करा. काटा क्षणभर दबेल आणि लगेच पूर्वीच्या जागी किंवा थोडा वर येईल. दबून तिथेच राहिला, तर मोटर हलत नाही, तिच्यापर्यंत करंट पोचत नाही, किंवा एसी लागल्याचा निरोपच ईसीयूकडे जात नाही. या तिसऱ्या शक्यतेकडे लोक बघत नाहीत. बाहेरून एसीचं काम करून घेताना कोणी कॉम्प्रेसरला थेट रिलेने करंट दिला असेल, तर ईसीयूला पत्ताच नसतो की ओझं आलंय. वायरिंगमध्ये कुठं काळी टेप गुंडाळलेली नवी वायर दिसली तर तिचा माग काढा.

चोरटी हवा हा दुसरा मोठा संशय. वीस वर्षांचं रबर आहे ते. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा जाड होज, इंजिनच्या पोटातली वाफ ओढणाऱ्या पीसीव्ही वॉल्व्हचा होज, पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक नळी, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा, मॅनिफोल्डचं गॅस्केट, टाकीची वाफ ओढणाऱ्या कॅनिस्टरचा वॉल्व्ह. पक्कड घेऊन, जबड्यांना कापड गुंडाळून, एकेक होज हळूच दाबायचा. ज्याला दाबल्यावर स्लो जागेवर आला, तो चोर. दाबता येत नाही अशा सांध्यांवर मी साबणाचं पाणी फवारतो. इंजिन ते आत ओढतं आणि आवाज क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनर मारायची पद्धत सगळीकडे दाखवतात, पण तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर तो पडला तर भडका उडतो, म्हणून घरी करणाऱ्याला मी ते सांगत नाही. बूस्टर तपासायला काहीच लागत नाही: स्लो चालू असताना ब्रेक दाबून धरा. आरपीएम बदलून तसाच राहिला आणि डॅशच्या खालून सुस्कारा ऐकू आला, तर आतला पडदा फाटलाय. ही गोष्ट स्लोपुरती राहत नाही. तशी गाडी चालवू नका.

गगनबावड्याच्या बाजूची एक गाडी आठवते. उसाला लागून घर, गाडी रात्री गोठ्याशेजारी. तीन गॅरेज फिरून आली होती. मॅनिफोल्डच्या मागे, हात जेमतेम जाईल अशा जागी एक नळी उंदराने कुरतडलेली होती. आरशाशिवाय ती दिसलीच नसती. तेव्हापासून माझ्या टूलबॉक्समध्ये दाढी करायचा गोल आरसा असतो.

आणि आता माझी चूक. पाण्याची, म्हणजे कूलंटची, बाजू मी या उत्तरात मागे ठेवली, पण माझ्याकडे गाडी आली तर सगळ्यात आधी तीच बघतो, आणि ती सवय मला फुकट लागलेली नाही. एका मास्तरांची गाडी होती, तुमच्यासारखेच झोके, शिवाय स्क्रू जागचा हललेला नव्हता. मी आयडल मोटर बदलली. फरक नाही. दुसऱ्या गाडीची काढून लावली. फरक नाही. तिसऱ्या दिवशी पोऱ्या म्हणाला, "मालक, रेडिएटरमध्ये पाणी दिसत न्हाई." बाटली भरलेली होती, म्हणून मी झाकण उघडून बघितलंच नव्हतं. लिटरभर कूलंट कमी, आत हवेचा फुगा, आणि तो फुगा तापमानाच्या सेन्सरपाशी आला की सेन्सर ईसीयूला सांगायचा, इंजिन थंड आहे. पुन्हा पाणी लागलं की सांगायचा, गरम आहे. स्लो तसा वरखाली. काही इंजिनांत थंडीतला स्लो वाढवणारा मेणाचा वॉल्व्हसुद्धा याच पाण्यावर चालतो. तिथं पाणी पोचलं नाही की तो मिटतच नाही. मोटरचे पैसे मास्तरांकडून घेतले नाहीत, घेणार तरी कोणत्या तोंडाने.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून बघा. गरम असताना चुकूनही नाही. थर्मोस्टॅट आहे का तेही विचारा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तो साधारण ८२ अंशांना उघडतो. नसला तर हायवेला इंजिन कधी नीट तापतच नाही, ईसीयू थंडीचं जादा पेट्रोल देत राहतो, स्लो चढा आणि ॲव्हरेज पडलेलं. तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने कळतो: मारुतीच्या या पिढीत २० अंशांना साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलोओहम आणि ८० अंशांना तिनेकशे ओहम. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, त्याचा सेन्सर वेगळा असतो.

स्कॅनरबद्दल. तुमची गाडी ओबीडी-२ (गाडीतले बिघाड वाचायची ठरलेली पद्धत) च्या आधीची आहे, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा तिच्याशी बोलणार नाही. जुन्या मारुतीचं कार्ड असलेला स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे जा. तिथंही नुसता "एरर नाही" हा निरोप घेऊन परत येऊ नका, चालू आकडे बघायला सांगा. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून तो ९५ किलोपास्कलच्या जवळ हवा. हीच गाडी रत्नागिरीला नेली तर १०१ दाखवेल, पन्हाळ्यावर ९० च्या आसपास. इंजिन गरम, एसी बंद, स्लोला तो साधारण ३० ते ४० असावा. पन्नास दाखवत असेल तर एक तर चोरटी हवा, नाहीतर इंजिनमध्येच दम नाही: टायमिंग बेल्ट एक दात सरकलेला, वॉल्व्ह धरत नाही, असलं काही. स्कॅनर नसेल तर व्हॅक्यूम गेज लावा. पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्राकाठचं. इथं दोनेक इंच वजा करा, नाहीतर चांगल्या इंजिनचं हेड उघडून बसाल.

तुम्ही शेवटी विचारलंय, हे सगळं इथेनॉलमुळे तर नाही? उसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न रोज येतो, आणि गिऱ्हाइकांतला निम्मा ऊस उत्पादक असतो, त्यामुळे जपून बोलावं लागतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी आठेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. सायलेन्सरच्या पाईपमधला, मिश्रण तपासणारा ऑक्सिजन सेन्सर जिवंत असेल तर ईसीयू तेवढं सावरून घेतो. सेन्सर वीस वर्षांचा आणि मेलेला असेल तर मिश्रण पातळ राहतं, स्लो खरबरीत होतो आणि एसीचं ओझं सोसत नाही. शिवाय जुनं रबर इथेनॉलने फुगतं, चिरतं, आणि टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणजे ते मूळ कारण नसलं तरी आधीच कमकुवत झालेली जागा लवकर उघडी पाडतं. पेट्रोल फिल्टर बदला, होज बदला, आणि रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून हुंगा. तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटर फुटलाय.

ईसीयूवर मी कधी संशय घेतो? २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या गाड्यांत सीटपर्यंत चढलं, त्यांचे ईसीयू मी उघडलेत. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशी, आत पांढरी पूड. तुमची गाडी तशी बुडालेली असेल तर आजच सांगा, मग हे सगळं उत्तर बदलतं. नसेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथं बॉडीला आणि गिअरबॉक्सला बसते ते बोल्ट काढा, सँडपेपर मारा, घट्ट करा. अर्थिंग कच्चं असलं की चांगला ईसीयूसुद्धा वेड्यासारखा वागतो. जुन्या बाजारातला ईसीयू कोणत्या गाडीतून निघाला, का निघाला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणि स्क्रू मागे घेतला त्या दिवशी गाडी स्लोवर उभीच राहिली नाही, तर घाबरून पुन्हा पिळू नका. तसं होईल असंच मी धरून चाललोय. पाय पेडलवर ठेवून, एसी बंद करून गॅरेजपर्यंत न्या आणि आयडल मोटर तुमच्यासमोर काढायला सांगा. वाट कार्बनने भरलेली असेल तर थोड्याशा उजेडातही दिसेल. दिसली नाही, तर कूलंटचं काय निघालं आणि मॅपचे दोन आकडे काय आले ते लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.